माकडाचा चेहरा पाहवत नाही, म्हणून?

प्रश्न : प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबत ॲरिस्टॉटलच्या सद्गुणविचारातून काही ठरवता येतं का? प्राणी माणसासाठीच आहेत, असं तोच तर म्हणायचा.

उत्तर : म्हणायचा खरं. ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात त्यानं तसं स्पष्ट लिहिलंय. पण उपयोगी पडते ती त्याची ‘फ्रोनेसिस’ची कल्पना : त्या त्या प्रसंगी काय योग्य, हे ओळखणारं शहाणपण. ते अनुभवानं आणि चांगल्या सवयींनी येतं. क्रूरपणाही सवयीनंच अंगात मुरतो.

गेलनचं उदाहरण घ्या. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य जिवंत डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारे बारीक मज्जातंतू दोऱ्यानं आवळायचा. किंचाळणारं डुक्कर एकदम मुकं व्हायचं. दोरा सैल केला की आवाज परत. आवाजाची सूत्रं हृदयाकडे नसून मेंदूकडे आहेत, हे त्यातून सिद्ध झालं. ज्ञान मोठंच. पण मेंदू उघडायचा तर माकड नको, डुक्कर किंवा बकरी घ्या, असा त्याचा सल्ला होता. एक कारण असं, की माकडाच्या चेहऱ्यावरचे भाव पाहवत नाहीत! करुणा जागी झाली, पण चेहऱ्यापाशीच अडली. वेदना होती तेवढीच राहिली.

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेले तीन प्रश्न इथं कामाला येतात : प्राण्याशिवाय भागेल का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कमी करता येईल का? दुसऱ्या प्रश्नात हमखास चूक होते. दयेपोटी संख्या फारच घटवली, तर निष्कर्षच निघत नाही आणि घेतलेले जीवही वाया जातात.