लुपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) नुकताच निघाला असेल तर एवढं बघ

हे बघ, चेहऱ्यावरचे लाल चट्टे दिसतात म्हणून सगळं लक्ष तिकडेच जातं, पण खरी काळजी किडनीची, ती दुखत नाही, गुपचूप बिघडते, त्यामुळे लघवीला फेस यायला लागला किंवा संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटला की लगेच लघवीतलं प्रोटीन चेक करून घे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा (लुपसची नेहमीची गोळी) गुण यायला 2-3 महिने सहज जातात, कंटाळून सोडू नकोस, या गोळीचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो मात्र सुरुवातीलाच तपासून ठेव. स्टेरॉईड मनाने बंद करायचं नाही म्हणजे नाही, डोस हळूहळूच उतरवतात. उन्हाने लुपस भडकतो, म्हणून ढगाळ असलं तरी एसपीएफ 50 चं सनस्क्रीन लाव (कान सगळेच विसरतात). प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोल, काही गोळ्या बदलाव्या लागतात.