दोन्ही महायुद्धांपैकी अमेरिकन समाज जास्त कशाने बदलला?

सरळ उत्तर द्यायचं तर दुसऱ्याने. पहिल्यात अमेरिका एप्रिल १९१७ ला उतरली आणि नोव्हेंबर १९१८ ला सगळं संपलंसुद्धा, जेमतेम दीड वर्ष. दुसऱ्यात पावणेचार वर्षं, आणि जवळपास १ कोटी ६० लाख लोक सैन्यात. पण नुसत्या आकड्यांवरून मला पटत नाही, मला विचाराल तर युद्ध संपवून घरी आलेल्या माणसाला काय मिळालं ते बघा, फरक तिथे कळतो.

पहिल्या युद्धानंतर सैनिकाच्या हातात ६० डॉलर आणि घरी जायचं रेल्वेचं तिकीट, बस. नंतर १९२४ मध्ये बोनस मंजूर झाला, पण बहुतेकांना हातात नुसता कागद मिळाला आणि पैसे मिळणार १९४५ ला! मग आली महामंदी. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, काही तर बायकापोरांसकट, वॉशिंग्टनला येऊन धडकले, अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठी पत्रे, खोकी, भंगार जे मिळेल त्याच्या झोपड्या बांधून राहिले, म्हणे आमचे पैसे आत्ता द्या. सरकारने काय केलं तर जनरल मॅकआर्थरला पाठवलं, घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर, आणि त्या झोपड्या पेटल्या. म्हणजे ज्यांनी फ्रान्समध्ये जर्मनांचा गॅस खाल्ला त्यांनाच स्वतःच्या राजधानीत अश्रुधूर.

हे सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं म्हणून १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांना मदत देणाऱ्या कायद्यावर, सही केली. कॉलेजची फी, घरासाठी कर्जाला सरकारची हमी, नोकरी नसेल तर भत्ता. २० लाखांहून जास्त माजी सैनिक कॉलेजात गेले, १९४७ ला तर कॉलेजातली जवळपास निम्मी पोरं हीच. शेतमजुराचा मुलगा इंजिनियर झाला, शहराबाहेर लेव्हिटटाउनसारख्या वसाहतींमध्ये घर घेऊन राहिला. आज आपण ज्याला अमेरिकन मिडल क्लास म्हणतो त्यातला मोठा भाग इथून आला.

पण यातलं बहुतेक गोऱ्यांसाठी हां. लेव्हिटटाउनच्या करारातच काळ्यांना मनाई होती. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत सरकारी हमीची ३२०० च्या वर कर्जं दिली गेली, त्यात काळ्या माणसांना किती? दोन. गोरे आणि काळे युद्ध एकच लढले, तेही वेगळ्या तुकड्यांमध्ये, सैन्यातला तो भेद मोडायचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने १९४८ ला काढला. आणि जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना छावण्यांत कोंडलं होतं, त्यात बहुसंख्य अमेरिकन नागरिक, ते वेगळंच.

आता आपल्याशी संबंधित एक गोष्ट सांगतो. भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी माणूस पहिल्या युद्धात अमेरिकन सैन्यात होता, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू ‘गोरा’ नाहीस, नागरिकत्व नाही. ते त्याला शेवटी १९३६ ला मिळालं, तेही पहिल्या युद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला म्हणून. बाकी भारतीयांना मात्र दुसरं युद्ध संपेपर्यंत थांबावं लागलं, १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाची दारं उघडली आणि भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला येण्याचा कोटा ठेवला वर्षाला १०० जणांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं बसलेला माझा एक मित्र हा आकडा ऐकून हसतच सुटला होता.