आईच्या ऑपरेशनआधी फादरना बोलवायचं का?

प्रश्न: आईचं वय 74, पुढच्या मंगळवारी मुंबईत बायपास आहे. मला वाटतं अ‍ॅडमिट व्हायच्या आधी फादरना घरी बोलवून तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायचा आपला कॅथलिक संस्कार, करून घ्यावा. पण मावशी म्हणते, फादर तेल घेऊन दारात दिसले की आई हायच खाईल, शेवटचं तेल आत्ताच कशाला. शिवाय 2021 मध्ये कोविडला सिरीयस होती तेव्हा एकदा तेल लावलं होतं, परत चालतं का?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर: ताई, चालतं, आणि नक्की बोलवा. त्या आजारातून आई बरी झाली, आता हा नवीन गंभीर प्रसंग आहे, त्यामुळे परत घेता येतो. एकाच आजारात तब्येत जास्त बिघडली तरीही घेता येतो, मोठ्या ऑपरेशनआधी तर हमखास घ्यावा.

मावशींचा राग नका करू, त्यांच्या पिढीने तसंच पाहिलंय. माणूस बेशुद्ध झाला, घरात रडारड सुरू झाली की मग कोणीतरी चर्चकडे पळायचं, म्हणून फादर आले म्हणजे संपलं असं डोक्यात बसलं. पण 1963 मध्येच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, स्पष्ट सांगितलं की हा फक्त मरणाच्या दारातल्या माणसाचा संस्कार नाही, आणि 1972 मध्ये नवीन विधी आला. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात 5:14 ला काय आहे बघा, कोणी आजारी आहे का, त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं. म्हणजे आजाऱ्याने स्वतः बोलवायचं, तो शुद्धीत आहे हे त्यात आलंच! मला फार वाईट वाटतं जेव्हा आपण माणसाला हा आधार द्यायला इतका उशीर करतो की त्याला काही कळतच नाही.

म्हणून आईला आधी तुम्हीच सांगा, सरप्राईज नको. ऑपरेशनसाठी फादर प्रार्थना करायला येतायत, कपाळाला आणि हातांना तेल लावतील, कन्फेशन करायचं असेल तर आम्ही सगळे बाहेर थांबू, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) पण मिळेल. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास आजारी आणि वयस्कर माणसांना लागू नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही, त्यामुळे तुम्हीही घ्या. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, एवढी तयारी पुरे, तेल फादर आणतात. मावशींनाही त्या वेळी बोलवा, प्रार्थना ऐकली की त्यांनाच कळेल, त्यात प्रभूने आजाऱ्याला उठवावं असंच मागितलंय.

हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आणि शनिवार-रविवार फादर मिस्सा-लग्नांत अडकलेले असतात, तेव्हा पॅरिश ऑफिसला (आपल्या चर्चच्या कार्यालयात) उद्याच फोन करा. घरी नाहीच जमलं तर हॉस्पिटलजवळच्या चर्चमध्ये विचारा, तिथले फादर वॉर्डात येतील, फक्त ऑक्सिजन लावलेला असेल तिथे मेणबत्ती नको.