कार्बन डायऑक्साइडवर पहिलाच प्रोजेक्ट? इपॉक्साइड घे

पहिल्याच फटक्यात मिथेनॉलच्या मागे लागू नकोस. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पुरता जळून गेलेला कार्बन. त्याचं पुन्हा इंधन करायचं तर हायड्रोजन लागतो, आणि तो कोळशाच्या विजेवर बनवलेला असेल तर सगळं मुसळ केरात. इपॉक्साइडचं तसं नाही. त्याचं तीन अणूंचं (दोन कार्बन, एक ऑक्सिजन) ताणलेलं कडं उघडायला टपलेलंच असतं, आणि दोन्ही रेणूंमधले सगळे अणू चक्रीय कार्बोनेटमध्येच उतरतात.

प्रॉपिलीन ऑक्साइड 34 अंशांनाच उकळतं, ते सध्या नको. स्टायरीन ऑक्साइड घे, उत्प्रेरक टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड. धातू नाही, वेगळा द्रावकही नाही. ब्रोमाइड कडं उघडतो, मोकळा झालेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडला धरतो आणि नवं कडं मिटताना ब्रोमाइड सुटतो. काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. या ऑक्साइडांमुळे कर्करोगाचा धोका असतो. आणि बंद काचेच्या बाटलीत ड्राय आइस टाकून ती तापवायची आयडिया कोणी दिली, तर सरळ नाही म्हण, दाबानं ती फुटेल.

काय बनलं ते आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) बघ. 1800 cm⁻¹ च्या आसपास पीक आलं तर चक्रीय कार्बोनेट, 1750 कडे सरकलं तर पॉलिकार्बोनेट, म्हणजे लांब साखळीचा पॉलिमर. पॉलिमरही वाया जात नाही म्हणा. जपानात इनोउए यांनी 1969 मध्ये जस्ताच्या उत्प्रेरकानं इपॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडपासून तोच बनवला होता. तुझी अभिक्रिया एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजनखालीही कर, तुलनेसाठी, गाइडनं विचारायच्या आधी.

रिपोर्टमध्ये 'कार्बन निगेटिव्ह' (सोडला त्याहून जास्त कार्बन शोषला) असं मात्र लिहू नकोस. तुझं इपॉक्साइड पेट्रोलियममधूनच आलंय.