आधी काकडी पिळा, मग ओव्हन तापवा

आपण विचारले आहे की, पंचवीस-तीस पाहुण्यांच्या मेजवानीसाठी व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या वापरून ओव्हनमध्ये भाजता येईल असा एखादा सोपा, खारा स्टार्टर कोणता करावा, त्याची तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, आणि गोड पिकल घातले तर चालेल का. या प्रश्नाला येथे आधीच तीन-चार उत्तरे आली आहेत आणि त्या सर्वांत 'काकडी बारीक चिरून सारणात मिसळा' हे एकच वाक्य आहे. ते वाचून मला राहवले नाही. या वाक्यात एक शब्द कमी आहे, आणि त्या एका शब्दापायी मी अकरा वर्षांपूर्वी चाळीस माणसांसमोर खजील झालो आहे.

पदार्थ प्रथम सांगतो. पफ पेस्ट्रीच्या पोळीवर क्रीम चीज, किसलेले चेडार आणि चिरलेली आंबट काकडी पसरायची, घट्ट वळकटी करायची, चकत्या कापायच्या आणि भाजायच्या. याहून सोपा आणि तरीही पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा पदार्थ मला माहीत नाही. पफ पेस्ट्री विकतची घ्या. हे ठासून सांगतो, कारण माझी ताई विकतच्या पेस्ट्रीला 'लबाडी' म्हणते. पिठात लोणी ठेवून तीन पदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात, आणि दर दोन घड्यांनंतर पीठ थंड करत बसावे लागते. ज्याला हे हौसेने करायचे असेल त्याने जरूर करावे, पण आपण प्रश्नात 'सोपा' हा शब्द लिहिला आहे आणि मी त्याचा मान राखतो आहे.

आता तो प्रसंग. आमच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून आम्ही भावंडांनी मेजवानी ठरवली. स्टार्टर माझ्याकडे होता. मी आठवडाभर आधी याच वळकट्या घरी करून पाहिल्या होत्या आणि त्या उत्तम झाल्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी चिरलेली काकडी जाड सुती फडक्यात घालून पिळत असताना ताई स्वयंपाकघरात आली आणि तिने माझ्या हातातून फडके काढून घेतले. "अरे, सगळी चव त्या पाण्यात असते. ती पिळून टाकलीस तर पेस्ट्रीत काय चोथा घालणार आहेस?" असे ती म्हणाली. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, आमच्या घरात स्वयंपाकाबाबत तिचा शब्द अखेरचा असतो, आणि त्या दिवशी वाद घालण्याची माझी इच्छा नव्हती. मी काकडी चाळणीत पाच मिनिटे निथळू दिली आणि तशीच पसरली.

बहात्तर चकत्या झाल्या. वरून त्या देखण्या दिसत होत्या. कडा सोनेरी होत्या आणि पापुद्रे सुटल्यासारखे वाटत होते. पहिल्या पाहुण्याने चकती उचलली तेव्हा तिचा वरचा अर्धा भाग त्याच्या बोटांत आला आणि खालचा अर्धा ट्रेमधील कागदालाच चिकटून राहिला. दुसऱ्याने सुरी मागवली. आतले पीठ पांढरे आणि गिच्च होते. ताईने हे पाहिले आणि मी काही बोलण्यापूर्वीच सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "याचा ओव्हन नीट तापला नव्हता." पुढे प्रत्येक कौटुंबिक भेटीत 'ओव्हन न तापवणारा' म्हणून माझा उल्लेख होत राहिला. काकडीचे नाव मात्र कोणी काढले नाही.

मी त्यानंतर ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक विकत घेतला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटाही कामाला लावला. बारीक चिरलेली २५० ग्रॅम काकडी चाळणीत निथळून घेतली आणि मग फडक्यात घालून जोर लावून पिळली, तेव्हा वाटीत ७० ग्रॅम पाणी जमा झाले. म्हणजे निथळलेल्या काकडीतही एवढे पाणी शिल्लक होते. काकडीत मुळातच शेकडा ९५ च्या आसपास पाणी असते, आणि मुरवल्यानंतर तिच्या पेशी सैलावलेल्या असतात. चिरून उष्णता दिली की त्या पाणी धरून ठेवत नाहीत.

हे पाणी पफ पेस्ट्रीला इतके का बाधते, ते समजून घेतले तर बाकीची कृती पाठ करावी लागत नाही. ही पेस्ट्री फुगते ती वाफेवर. लोण्याच्या थरांमधल्या पिठातील पाण्याची वाफ होते, पाण्याचे वाफेत रूपांतर होताना त्याचे आकारमान १,६०० पटींहून अधिक वाढते, आणि ती वाफ एकेक पापुद्रा वर उचलते. त्याच वेळी पिठातला स्टार्च शिजून आणि मग सुकून ते पापुद्रे उचललेल्या स्थितीत घट्ट होतात. पाणी जोवर आहे तोवर त्या जागेचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसे जात नाही. म्हणून सारणातून सतत पाणी झिरपत राहिले तर ओव्हन २०० अंशांवर असला, तरी सारणाला टेकलेले पीठ उकडत राहते, भाजले जात नाही. शिवाय आम्ल पदार्थांमुळे तपकिरी रंग येण्याची क्रियाही मंदावते. माझ्या चकत्यांचा पांढरा तळ हा त्या दोन्हींचा परिणाम होता.

तेव्हा कृती अशी. पफ पेस्ट्रीच्या सुमारे २५० ग्रॅमच्या दोन आयताकृती पोळ्या फ्रीजमध्ये वितळू द्या. ओट्यावर वितळवल्या तर लोणी मऊ होते आणि पदर एकमेकांत मिसळतात. वर सांगितल्याप्रमाणे २५० ग्रॅम काकडी बारीक चिरा, फडक्यात घालून पिळा, मग फडक्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा एकदा पिळा. दुसऱ्यांदा पिळल्यावर काही निघणार नाही असे वाटते, पण निघते. १५० ग्रॅम क्रीम चीजमध्ये दोन चहाचे चमचे मोहरीची पेस्ट, भरपूर मिरपूड आणि मूठभर बारीक चिरलेला शेपू मिसळा. मीठ घालू नका. काकडीत आणि चीजमध्ये ते पुरेसे असते, आणि या पदार्थात मीठ घालणारा माणूस चव न घेता स्वयंपाक करतो असे माझे मत आहे.

हे मिश्रण दोन्ही पोळ्यांवर पातळ पसरा. ते सर्वांत खाली असणे महत्त्वाचे आहे, कारण त्यातील स्निग्धांश पीठ आणि काकडी यांच्यामध्ये पडद्यासारखा राहतो. त्यावर १५० ग्रॅम किसलेले चेडार, त्यावर ब्रेडचा कोरडा चुरा प्रत्येक पोळीस एक मोठा चमचा, आणि सर्वांत वर काकडी पसरा. ताजे, पाण्यातले मोझरेला येथे वापरू नका. एक पाणी काढून दुसरे घालण्यात अर्थ नाही. लांब कडेपैकी एक बाजू दोन सेंटिमीटर मोकळी सोडा, तिला पाण्याचे बोट लावा आणि समोरच्या कडेकडून घट्ट वळकटी करत आणा. वळकटी फ्रीझरमध्ये वीस ते तीस मिनिटे ठेवा. थंड न करता कापली तर सुरीच्या दाबाने तिचा आकार चपटा होतो आणि सारण कडेने बाहेर येते. मग दात्यांच्या सुरीने दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा, बेकिंग पेपरवर अंतर ठेवून मांडा, वरून फेटलेले अंडे लावा आणि २०० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटे भाजा. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर १८० अंश पुरतात. घड्याळावर विसंबून राहू नका. एक चकती उलटून तळ पाहा, आणि तोही तपकिरी झाला असेल तरच ट्रे बाहेर काढा. काढल्यावर चकत्या ट्रेवरच राहू न देता जाळीवर ठेवा, नाहीतर त्यांचीच वाफ खाली कोंडून त्या सादळतात.

आता ताईच्या त्या 'सगळी चव पाण्यात असते' या वाक्याकडे वळतो, कारण ते पूर्णपणे चुकीचे नाही आणि म्हणूनच अधिक त्रासदायक आहे. पिळून काढलेल्या पाण्यात आम्ल, मीठ आणि शेपू-लसणाचा वास असतो, हे खरे. पण ते पेस्ट्रीत राहून आपल्याला मिळत नाही. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल वाफेबरोबर उडते. भाजताना ओव्हनचे दार उघडले की डोळ्यांना झोंबते ते हेच. म्हणजे पाणी आत ठेवले तर आंबटपणाचा बराचसा भाग हवेत जातो आणि पीठ मात्र ओले राहते. मी ते ७० ग्रॅम पाणी फेकत नाही. त्यातले दोन-तीन मोठे चमचे घट्ट दह्यात किंवा मेयोनेजमध्ये घालून, त्यात थोडा शेपू मिसळून चकत्यांसोबत बुडवून खायला ठेवतो. चव तेथे जशीच्या तशी पोहोचते. हे मी त्याच दिवशी सकाळी ताईला सांगणार होतो, पण तोवर फडके तिच्या हातात गेले होते.

जमल्यास व्हिनेगरऐवजी केवळ मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी घ्या. तिचा आंबटपणा जीवाणूंनी तयार केलेल्या लॅक्टिक आम्लाचा असतो, ते ओव्हनच्या उष्णतेत सहजासहजी उडत नाही, आणि भाजल्यानंतरही जिभेला जाणवते. काकडी कोणतीही असो, ती कचकचीत असावी. बरणीतच मऊ पडलेली काकडी भाजल्यावर लगदा होते आणि तिला पिळणेही शक्य होत नाही. गोड पिकलबद्दल विचाराल तर माझे उत्तर नाही असे आहे. त्यातील साखर ट्रेवर ओघळते आणि काळी पडते, आणि आपल्याला खारा पदार्थ हवा आहे.

चार वर्षांपूर्वी ताई माझ्या घरी राहायला आली असताना मी एकाच ओव्हनमध्ये, एकाच ट्रेवर, डावीकडे पिळलेल्या काकडीच्या आणि उजवीकडे न पिळलेल्या काकडीच्या बारा-बारा चकत्या भाजल्या. तापमापक दारातून दिसेल असा लावला होता आणि तो २०० दाखवत होता, हे मी तिला दोनदा दाखवले. तिने दोन्ही बाजूंची एकेक चकती खाल्ली आणि "मला तर काही फरक वाटत नाही" असे म्हणाली. त्यानंतर दूरदर्शन संच पाहताना तिने आणखी चार खाल्ल्या, चारही डावीकडच्या. मी मोजत होतो.

आदल्या दिवशीच्या तयारीचा आपला प्रश्न राहिला. भाजून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केल्यावर कडा कडक होतात, पण पापुद्र्यांचा मूळचा खुसखुशीतपणा येत नाही. सारण भरलेली वळकटी रात्रभर साध्या फ्रीजमध्ये ठेवणेही मला मान्य नाही, कारण मिठामुळे काकडीतले उरलेसुरले पाणी हळूहळू सुटते आणि पीठ ते शोषते. फ्रीझरमध्ये मात्र पाणी गोठल्याने हा प्रवास थांबतो. न कापलेली वळकटी घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, भाजण्यापूर्वी सुरी चालेल इतपत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवा, कापा आणि नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटे अधिक भाजा.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. हा पदार्थ बराच खारट आहे, त्यामुळे पाहुण्यांपैकी कोणाला मीठ वर्ज्य असेल तर त्यांच्यासाठी दुसरे काही ठेवा. आणि चीज भरलेल्या चकत्या सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक उघड्या ठेवू नयेत.

प्रत्येकी तीन चकत्या धरल्या तर तीस जणांना नव्वद लागतील. एका पोळीच्या वीसेक होतात, म्हणून चार पोळ्या आणि सारण दुप्पट, आणि वर दहा-बारा कमी पडल्या तर पडू द्या. त्या एका वेळी एकच ट्रे घालून भाजा. एक ट्रे भाजला जात असताना पुढचा फ्रीजमध्ये राहू द्या, आणि मधे दार उघडू नका. त्या समारंभाच्या दिवशी मी घाईने दोन ट्रे एकावर एक घातले होते आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून पाहत होतो. ओव्हनबद्दल ताई जे म्हणाली त्यात तेवढे तथ्य होते, पण हे मी तिला अजून सांगितलेले नाही.