ओले अक्रोड: आधी प्लास्टिकमधून बाहेर काढा

तुमची पोस्ट वाचली. काश्मीरहून पार्सलने मागवलेले पाच किलो ओले अक्रोड, प्लास्टिकला आतून घाम फुटलेला, काहींच्या सांध्यावर काळी बुरशी, आणि आता 'धुवून उन्हात घालू का?' हा प्रश्न. यातून मीही गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

धुऊ नका, सांध्यातून पाणी आत जातं. गराला बुरशी किंवा कुबट वास असेल तो अक्रोड सरळ फेका. 'भाजलं की चालतं' म्हणणारे भेटतील. बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही. उरलेले सुपात किंवा जाळीवर एकेरी पसरा, सावलीत, पंख्याखाली, रोज हलवत. कडक उन्हात कवच तडकतं आणि गर लवकर खवट होतो. वाळला का ते बघायला एक फोडा: दोन फाकांमधला पडदा लवला तर ओल आहे, कट्‌कन मोडला तर झालं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वेळ लागतो, घाई करू नका.

आता माझी भडास. सप्टेंबरातला नवा माल, विकणाऱ्याने नीट गोणपाटात भरून दिलेला. बुकिंगच्या ऑफिसने 'नियम आहे' म्हणत वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि पावतीवर लिहिलं 'ड्रायफ्रूट'. मग खोका गोदामात पडून. विचारायला गेलो की काउंटरवरून एकच उत्तर, 'ऑनलाइन बघा.' हातात आला तेव्हा निम्मा माल हिरवा-काळा. भरपाईचा अर्ज केला तर लेखी उत्तर: ओला अक्रोड नाशवंत, नाशवंत मालाला भरपाई नाही. म्हणजे बुकिंगला ड्रायफ्रूट आणि भरपाईला भाजीपाला! त्यामुळे पावतीवर 'ओले अक्रोड' असंच लिहून घ्या, आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा. माझं विचाराल तर ओले अक्रोड पार्सलने मागवूच नयेत. मागवायचे तर वाळलेले 'कागदी' घ्या, हाताने फुटतात. कुणाला चांगला अनुभव आला असेल तर आनंदच आहे.

वाळलेले कवचासकट जाळीच्या पिशवीत, गार जागी ठेवा. फोडलेला गर मात्र काचेच्या घट्ट बरणीत फ्रीजमध्येच, जास्त दिवसांसाठी फ्रीझरमध्ये. त्यातलं तेल हवेने खवट होतं, शिवाय तो शेजारचा वास ओढून घेतो. आमच्याकडे एकदा सुकटीच्या डब्याशेजारी बरणी राहिली होती, जास्त सांगत नाही.

पोषणाचं म्हणाल तर मी आहारतज्ज्ञ नाही आणि ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम वाळलेल्या गरात १८० ते २०० कॅलरी, ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि अडीच ग्रॅमच्या पुढे वनस्पतिजन्य ओमेगा-३. हे आकडे वाळलेल्या गराचे. ओल्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं, भाव करताना हेही लक्षात ठेवा.

जे अजून ताजे आहेत त्यांचं वरचं कडवट साल नखाने निघतं. ते सोलून गर, पुदिना, हिरवी मिरची आणि मीठ वाटा, घट्ट दह्यात कालवा. काश्मिरात अशी चटणी करतात. आमच्याकडे ती थालीपिठाबरोबर संपते.