भाला अठरा फुटी, रस्ता खोलगट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्विस लढायांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण ‘डोंगरी मेंढपाळांच्या शौर्यापुढे सरंजामी घोडदळ टिकलं नाही’ हे वाक्य पहिल्याच पानावर आलंय आणि पुढचा सगळा लेख त्याच्यामागे फरफटत जातो. ते खोडून टाक. स्विसांनी ऑस्ट्रियाच्या घोडदळाला हरवलं त्या १३१५ मधल्या मॉर्गार्टेनला शौर्य होतं, तितकंच १५२२ मध्ये बिकोकालाही होतं, आणि बिकोकाला स्विसांची कत्तल झाली. म्हणजे फरक दुसऱ्या कशात तरी आहे.

सुरुवात हत्यारापासून कर. मॉर्गार्टेन आणि सेम्पाख (९ जुलै १३८६) या लढायांच्या काळातलं स्विसांचं खास हत्यार म्हणजे हॅल्बर्ड. माणसाच्या उंचीहून लांब दांडा, त्यावर कुऱ्हाडीचं पातं, वर टोक, मागे आकडा. आकड्याने स्वाराला खाली ओढायचं, पात्याने फोडायचं. मॉर्गार्टेनला एगेरी तलावाकाठच्या अरुंद वाटेत घोड्याला वळायलाही जागा नव्हती. तिथे यापेक्षा चांगलं हत्यार मिळणं कठीण. मात्र ३० जून १४२२ रोजी बेलिन्झोनाजवळ आर्बेडोला मिलानचा सेनापती कार्मान्योला याने आपले चिलखती स्वार घोड्यावरून उतरवले आणि लांब भाले देऊन पायी पुढे घातले. हॅल्बर्ड फिरवायला अंगाशी जावं लागतं. भाल्याचं टोक त्याआधीच छातीशी येतं. त्या मारानंतर स्विसांनी आपल्याकडच्या लांब भाल्यांचं प्रमाण वाढवत नेलं. आर्बेडोचा तुझ्या मसुद्यात उल्लेखच नाही. पराभव गाळलास, म्हणून हॅल्बर्डनंतर एकदम भाले का आले ते वाचणाऱ्याला कळत नाही.

या भाल्याला तिकडे पाइक म्हणतात. (आपला पाईक म्हणजे पायदळाचा माणूस, मुद्रितशोधनात दोघांची अदलाबदल होऊ देऊ नकोस.) पंधराव्या शतकाच्या अखेरीस ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा हा दांडा पाच ते साडेपाच मीटर, म्हणजे साडेसोळा ते अठरा फुटांवर गेला. टोकाच्या पोलादी फाळापासून दांड्यावर खाली लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत, तलवारीने टोक छाटलं जाऊ नये म्हणून. आता एक काम कर. अठरा फुटी सरळ बांबू मिळव, खांद्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी आडवा धर आणि पन्नास पावलं चाल. टोक झुकतं, पावलागणिक थरथरतं, आणि वळायला गेलं की शेजाऱ्याच्या कानशिलात बसतं. एकट्याच्या हातात हे हत्यार जवळजवळ निकामी. रांगेत मात्र पुढच्या चारेक ओळींचे भाले आडवे, मागच्यांचे उभे, पाऊल सगळ्यांचं एक. अशा रांगांच्या चौकोनाच्या पोटात निशाणांभोवती हॅल्बर्डवाले. पुढची रेटारेटी अडली की ते बाहेर पडून कापाकापी करत. सैन्याचे भाग तीन, त्यांना बिनी (पुढचा), गोल (मधला) आणि चंदावल (मागचा) हे आपले शब्द बिनदिक्कत वापर. तिन्ही एका ओळीत नसत, तिरके मागेपुढे चालत, म्हणजे एक अडला तरी दुसरा शत्रूच्या बगलेवर पोचे.

लेखाचा गाभा मूर्टेन आणि बिकोका या दोन लढायांवर उभा कर. दोन्हीकडे समोर आडोसा, मागे तोफा. मग एकीकडे विजय आणि दुसरीकडे सत्यानाश का?

पश्चिम स्वित्झर्लंडमधल्या मूर्टेनला बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याने कुंपण आणि खंदकाची मोर्चेबंदी केली होती. २१ जून १४७६ ला त्याचं सैन्य दिवसभर वाट पाहत उभं राहिलं, हल्ला आला नाही. २२ ला सकाळी पाऊस. बहुतेक लोक छावणीत परतले, कुंपणामागे थोडीच शिबंदी उरली, आणि नेमके तेव्हा स्विस जंगलातून बाहेर पडले. तोफांनी पहिला धक्का रोखला, हे लपवू नकोस. पण कुंपणाच्या एका टोकाकडून वाट सापडली आणि मोर्चा बगलेतून फुटला.

बिकोका, मिलानच्या उत्तरेला, २७ एप्रिल १५२२. फ्रान्सच्या चाकरीतल्या स्विसांचा पगार थकलेला. ‘पगार द्या, घरी जाऊ द्या, नाहीतर लढाई द्या’ असा त्यांनी सेनापती लोत्रेकला पेच टाकला. समोर शत्रूचा सेनापती प्रोस्पेरो कोलोन्ना याने एका खोलगट रस्त्यामागे मातीचा बांध घातला होता. बांधावर तोफा, चार रांगांत तोड्याच्या (जळत्या वातीने उडणाऱ्या) बंदुका, त्यांच्या मागे जर्मन भालेकरी. तोफांनी बांध आधी फोडावा, असं लोत्रेकचं म्हणणं. स्विस थांबले नाहीत. त्यांच्या दोन तुकड्या होत्या, एक ग्रामीण कॅन्टनांची (कॅन्टन म्हणजे स्विस संघातलं राज्य), दुसरी बर्न आणि इतर शहरांची, आणि आधी कोण पोचतं अशी त्यांच्यात चढाओढ लागली. उघड्या शेतातून जातानाच तोफांनी रांगा फाडल्या. रस्त्यात उतरल्यावर समोरचा चढ इतका, की अठरा फुटी भाल्याची टोकंही वर पोचेनात, आणि वरून बंदुका. सुमारे तीन हजार माणसं पडली. मूर्टेनसारखी विरळ शिबंदी नव्हती, फोडायला उघडी बगल नव्हती. हा भाग लिहिताना रस्त्याचा आडवा छेद स्वतः काढ: रस्त्याचा तळ, बांधाचा माथा, भाल्याची लांबी. मजकुरातली अर्धी विशेषणं आपोआप गळतील.

सेम्पाखला शत्रूचे भाले छातीवर घेऊन वाट करून देणाऱ्या विंकेलरीडची गोष्ट तू घटना म्हणून दिली आहेस. तिचे उल्लेख लढाईनंतर बऱ्याच काळाने सापडतात, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच दे. गंमत म्हणजे बिकोकाला ग्रामीण कॅन्टनांच्या तुकडीचा त्याच आडनावाचा नायक, अर्नोल्ड विंकेलरीड, खरोखरच मारला गेला.

आणखी एक चूक सगळेच करतात: स्विस १५१५ मध्ये मारिन्यानोला फ्रान्सकडून हरले आणि तटस्थ झाले, असं लिहितात. मग बिकोकाला कोण गेलं? तटस्थतेला युरोपातल्या सत्तांची मान्यता १८१५ ची. भाडोत्री चाकरी त्यानंतरही चालू होती. १८४८ च्या संविधानाने नवे चाकरीचे करार बंद केले आणि परक्या फौजेत जाण्यावर कायद्याची बंदी १८५९ मध्ये आली. रोममधली पोपची स्विस गार्ड तेवढी आजही आहे, १५०६ पासून.

या चाकरीचं एक टोक आपल्याकडे पोचलं आहे, ते लेखात जरूर घे. १७८१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी उभी राहिलेली न्यूशातेलच्या (आजच्या स्वित्झर्लंडमधल्या) द मेरों यांची पलटण सिलोनात होती. १७९५ मध्ये ती इंग्रजांच्या चाकरीत गेली आणि १७९९ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली. तिथल्या गॅरिसन सेमेटरीत (फौजी दफनभूमीत) तिच्या माणसांच्या कबरी आहेत. म्हैसूरला गेलास तर शिलालेखांचे फोटो उजेड तिरपा असताना, सकाळी लवकर काढ, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

दुसरा मसुदा छेदाच्या आकृतीसकट पाठव.

तुझा हितचिंतक